युस्त कुठं गेला

उल्हास रणभिसे प्रार्थना करता करता मध्येच थांबला. खोकला आला म्हणून नव्हे, शब्द आठवेना म्हणूनही नव्हे. डोळे मिटून, दोन्ही हात किंचित पुढं करून, वर्षानुवर्षं करत आला तशी तो आम्हा सगळ्यांच्या वतीनं प्रार्थना करत होता. ‘हे प्रभो, तू जो आमचं ऐकतोस’ एवढं म्हणाला आणि थांबला. नेमका त्याच वेळी भिंतीतला बॉयलरही धडधडायचा थांबला. आता बॉयलर आधी थांबला की उल्हास, यावर आमच्या मंडळीत दोन तट आहेत, पण माझ्यावर विश्वास ठेवा, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणारा त्या खोलीत मी एकटाच असतो. आधी उल्हास. मग त्यानं डोळे उघडले, फोनवर बोलता बोलता लाइन कट झाल्यावर माणूस रिसीव्हरकडं बघतो तसं स्वतःच्या हातांकडं बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात, बसची वेळ सांगावी तसं म्हणाला, “तिकडं कोणी नाहीये.” खुर्चीच्या पाठीवरचा कोट घेतला आणि जिना उतरून गेला. खालचं दार ओढून घ्यावं लागतं, नाहीतर वाऱ्यानं आपटतं. त्यानं ते नीट ओढून घेतलं. एवढंच झालं. फेब्रुवारीतला रविवार, लंडनजवळच्या स्लाऊमधल्या एका इंग्रजी चर्चच्या हॉलवरची माडी, भिंतीवर शाळकरी पोरींनी चिकटवलेली कागदी भूछत्रं, आणि जालन्याहून, नगरहून, संगमनेरहून कधीकाळी आलेली आम्ही मराठी ख्रिस्ती मंडळी डोळे मिटून बसलेली. कोणी आमेन म्हणावं हे कोणालाच कळेना.

त्या दिवसापासून माझ्या कानांना काहीतरी झालं. मी ऐकायला लागलो. म्हणजे सकाळी चहा उकळताना, हीथ्रोकडं उतरणारी विमानं घरावरून जाताना, ट्रेडिंग इस्टेटकडून वारा फिरला की भाजलेल्या कोकोचा वास येतो त्या वासातसुद्धा मी कान देऊन बघायचो. तिकडं कोणी आहे का? आणि मग मला पूर्वीचे दिवस आठवायचे. जालन्याला ट्रंक कॉल लावून पोस्टाच्या खुर्चीत बसलेल्या आईशी बोलायचो तेव्हा आपलं बोलणं समुद्राखालून जायला वेळ लागायचा, आणि मधल्या त्या शांततेत नुसती खरखर असायची. त्या खरखरीत आई आहे असं आपण धरून चालायचो. ती असायचीच. खरखर संपून ‘जेवलास का रे’ यायचंच. उल्हासनं त्या रविवारी ती खरखर ऐकली आणि त्यापुढं काही आलं नाही, एवढाच काय तो फरक. पण हे मी कोणाला सांगणार? माझं कोण खरं मानणार? मी थापाड्या म्हणून प्रसिद्ध. मीच या मंडळीला सांगितलंय की मी विंझरच्या राणीच्या बागेतल्या हरणांना भाकरी खायला शिकवलं, आणि एडनवरून येताना आमच्या पायलटला रस्ता सापडेना तेव्हा खाली बघून मीच त्याला सांगितला. माझं नावसुद्धा लोकांना थाप वाटतं. मुरलीधर नावाचा ख्रिस्ती! आजोबांनी धर्म बदलला, पण नाव बदलायला कंटाळा केला, आणि तोच कंटाळा आमच्या घरात वारशानं चालत आला. बाप्तिस्म्याच्या वेळी मला योसेफ म्हणाले, ते पाणी वाळेपर्यंत टिकलं. कारखान्यात फोरमन मला मर्फी म्हणायचा, ते पक्कं आयरिश नाव, आणि आयर्लंडची माणसं लांबून हात पुढं करत यायची, जवळ आल्यावर माझं तोंड बघून तोच हात खिशात घालायची.

तर उल्हासची खुर्ची रिकामी झाली. आमच्या मंडळीचा कारभार बारा जण बघतात, बाराच, कारण येशूचे शिष्य बारा होते म्हणून. समोर अर्धवर्तुळात बारा खुर्च्या, प्रत्येकासाठी नाव कोरलेला स्टीलचा पेला, आणि बारातला कोणी गळला की पेंटेकॉस्टच्या सणाच्या आत जागा भरायची. आणखी एक नियम आहे. सत्तरच्या दशकात नाताळच्या करंज्या कोणी तळायच्या यावरून मोठं भांडण झालं, तेव्हा तो केलेला: जो बारातून उठून जिना उतरून गेला, त्याच्याबरोबर बारांपैकी कोणी पंगतीला बसायचं नाही, तो परत वर येईपर्यंत. आणि खुर्ची भरली की परत यायचं काही उरतच नाही. करंज्यांवरून केलेला नियम देवावरून भांडण झालं तेव्हा लागू पडला. आमच्या मंडळीचे प्रमुख श्रीनिवास हिवाळे मला चर्चच्या पार्किंगमध्ये गाठून म्हणाले होते, “मुरलीधरराव, यंदा तुमचं नाव घालायचं चाललंय. तेव्हा सध्या जरा जपून.” जपून म्हणजे काय ते मला कळलं. उल्हास दर रविवारी बायकोला सोडायला येतो. नीनाला गाडी चालवता येत नाही, आणि नीनाचा देव जागेवर आहे. ती वर येते आणि हा समोर कपडे धुवायच्या लाँड्रेटपाशी गाडी लावून पेपर वाचत बसतो, आमची सभा संपेपर्यंत. उरलेले अकरा जण त्या गाडीजवळून माना खाली घालून चालत जातात. मार्च, एप्रिल, मे, मीही तसाच जात आलो. छत्री त्या बाजूला धरून. ऊन असलं तरी.

कारण मला ती खुर्ची हवी होती. ही गोष्ट मात्र थाप नाही. बारावा जो असतो तो पेंटेकॉस्टच्या दिवशी उभा राहून साक्ष देतो, आणि सगळे ऐकतात. हसत नाहीत, एकमेकांना कोपरानं ढोसत नाहीत. ऐकतात. याआधी दोनदा माझं नाव निघालं होतं आणि दोन्ही वेळा दुसऱ्याचं लागलं. पहिल्यांदा तर मी नवा टायसुद्धा घेतला होता. घरी येऊन तो सोडत असताना आमची ईशिता, तेव्हा एवढीशी, इकडच्या शाळेत मराठी मोडलेली, दारात उभी राहून म्हणाली, “बाबा, तू जिंकली नाही?” मी तिला मांडीवर घेऊन युस्ताची गोष्ट सांगितली. शास्त्रात आहे ती. येशूला पकडून देणारा यहूदा मेल्यावर बारांत त्याच्या जागी कोणाला घ्यायचं म्हणून दोघांना उभं केलं, एक मत्थिया आणि दुसरा योसेफ. या योसेफाला बर्सब्बा म्हणत आणि युस्तही म्हणत. तीन तीन नावं असलेला माणूस आणि एकच नाव असलेला माणूस. चिठ्ठी निघाली एकच नाव असलेल्याची. तिथं गोष्ट संपते. “मग ते युस्त कुठे गेली?” ईशितानं विचारलं होतं. शास्त्र काही बोलत नाही म्हटल्यावर मला रान मोकळं मिळालं. मी युस्ताला गलबतात बसवलं, एडनवरून आणलं, घोड्यांचा व्यापार करायला लावला, आणि शेवटी जालन्यात डाळिंबांची बाग लावून दिली. वर्षानुवर्षं तो दर खेपेला नव्या ठिकाणी जात राहिला. ईशिता मोठी झाली, आता ईलिंगला कौन्सिलमध्ये काम करते, तिला वेळ नसतो. ती गोष्ट पुढं विचारणारा मग एकच जण राहिला होता. उल्हास. पार्किंगमध्ये सिगारेट ओढत म्हणायचा, “मर्फ्या, तो तुझा युस्त सध्या कुठं आहे रे?” त्याला एक अक्षर पटायचं नाही. पण मान तिरकी करून तो असं ऐकायचा की सांगताना मलाच वाटायचं, हे झालं असणार.

आमच्यात चिठ्ठ्या नसतात, चिंचोके असतात. पहिल्या निवडीच्या वेळी आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या मंजिरीबाई आमटीसाठी चिंच कोळत होत्या म्हणून हाताशी चिंचोके होते, आणि तेव्हापासून तीच रीत झाली. वयानं मोठा त्याचा चिंचोका आहे तसा काळा, धाकटा त्याचा एका बाजूनं घासून पांढरा केलेला. दोन्ही गेलेल्या माणसाच्या पेल्यात टाकायचे आणि मंजिरीबाईंनी भिंतीकडं तोंड करून एक उचलायचा. चिंचोके आणायचं काम यंदा माझ्याकडंच होतं. दुकानातल्या चिंचेच्या पाकिटावर सीडलेस लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नये, दोनचार सापडतातच. शनिवारी दुपारी मागच्या गार्डनमध्ये खुर्ची टाकून मी फरशीवर अवधूतचा चिंचोका घासत होतो. अवधूत म्हणजे पुण्याचा, इकडं बँकेच्या सॉफ्टवेअरवर आलेला, बत्तीस वर्षांचा पोरगा. वर्क परमिटवर आहे, तबला वाजवतो, सगळ्यांच्या आया त्याला जेवायला बोलावतात.

“अहो, काय खरवडताय मघापासून? शेजारची बाई पडद्याआडून बघत्येय,” माझी बायको रेखा दारातून म्हणाली.

“बघू दे. तिला वाटेल मी सोनं काढतोय.”

“उद्याचं आहे का ते? आणि निवडून आलात तर साक्ष द्यावी लागेल, माहीत आहे ना? खरी.”

“खरीच देणार.”

“तुम्ही? परवा जीपी डॉक्टरला सांगितलंत, गुडघा वाघानं चावला म्हणून. त्यानं लिहूनसुद्धा घेतलं.”

“लहान वाघ होता,” मी म्हणालो. ती आत गेली, आणि घासून घासून तापलेला चिंचोका मी सवयीनं मनगटाला लावला. चर्रकन चटका बसला. एवढासा चटका, पण त्याच्यातून जालन्याचं अख्खं मिशन कंपाउंड वर आलं. चर्चची दगडी पायरी, तिच्यावर चिंचोके घासून एकमेकांच्या मानेवर टेकवणारी आम्ही पोरं, आणि उल्हासचं ते ‘आई गं’ म्हणणं, जे चटका बसायच्या थोडं आधीच तोंडातून निघायचं. घंटा कोणी वाजवायची यासाठी आम्ही चिंचोक्यांवर पैज लावायचो. आणि उल्हासनं शोध लावला होता. पितळी वाटी गार असते, त्यात दोन चिंचोके टाकले आणि त्यातला एक आधी मुठीत धरून ऊब दिलेला असला, तर उचलणाऱ्याची बोटं आपोआप त्याच्याकडं जातात. बोटांना कळत नाही, बोटांच्या मालकालाही कळत नाही. ऊब बोलावते. एक अख्खा हिवाळा त्या कंपाउंडची घंटा आम्हीच दोघांनी वाजवली, आणि पाद्रीबाबा म्हणायचे, प्रभूची या दोन मुलांवर मर्जी आहे.

मला तिथंच खुर्चीत डोळा लागला असावा. कारण मी माडीवर होतो आणि ती माडी यरुशलेमातली होती, पण भिंतीवर कागदी भूछत्रं होती. पेत्राला श्रीनिवासरावांचा चेहरा होता आणि तो सांगत होता की मागच्या गल्लीत गाड्या लावू नका, रहिवाशांची तक्रार आली आहे. बाकीचे माना डोलवत होते. कोणीतरी पेला हलवला आणि आत चिंचोके वाजले, ‘मत्थिया’ असं कोणी पुकारलं, सगळे मत्थियाकडं वळले, आणि कोपऱ्यात तीन नावांचा तो माणूस उभा होता. त्याचं तोंड मला दिसेना. तो कोणाला न कळवता मागं सरकला आणि जिना उतरायला लागला, आणि त्याच्या पावलांचा आवाज माझ्याच गुडघ्यातून येत होता. मी विचारलं, कुठं निघालास? त्यानं खालच्या दाराकडं बोट केलं. दार ओढून घेतलेलं होतं. मग पाऊस पडायला लागला, कारण तो खरोखरच पडत होता, माझ्या टकलावर.

रविवारी पाऊस नव्हता, पण गारठा होता. एप्रिल संपला की इंग्रजी चर्चवाले हीटिंग बंद करतात, बाहेर काहीही असो. रस्त्यात दिसेल त्या गाडीवर इंग्लंडचे झेंडे फडफडत होते, फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आला होता, पांढऱ्यावर लाल क्रूस, जिकडं तिकडं क्रूसच क्रूस. मला वाटलं, एवढ्या क्रुसांच्या देशात आम्हाला माडीच तेवढी मिळाली. कोटाच्या उजव्या खिशात माझा काळा चिंचोका होता, डाव्या खिशात अवधूतचा पांढरा. घरून निघाल्यापासून उजवा हात मी खिशातून काढला नव्हता. गाडीतही नाही, ती रेखा चालवत होती, आणि वाटेत ओळखीचे भेटले तेव्हाही नाही. रेखा म्हणाली, हात दुखतोय का? मी म्हणालो, थंडी. मुठीत चिंचोका छान तापत होता, अंड्यातलं पिल्लू तापावं तसा. तिसऱ्यांदा तरी मी पडणार नव्हतो. प्रभूला ऊब आवडत असेल तर त्यात माझा काय दोष? तिथं लाँड्रेटपाशी उल्हासची निळी गाडी उभी होती. तिच्यावर झेंडा नव्हता. मी छत्री त्या बाजूला धरली. रेखा मुद्दाम थांबून गाडीच्या काचेत बघून “काय हो उल्हासभाऊ, बरं आहे ना?” म्हणाली. तिला खुर्ची नको होती, ती बोलू शकत होती. मला त्याचा आवाज ऐकू आला, “बरं आहे वहिनी. मर्फी कुठाय?” आणि रेखा म्हणाली, “हे काय, छत्रीत.”

जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे. दर रविवारी मी तिथं दम खायला थांबतो, गुडघ्याचं निमित्त. रेखा वर गेली. खालून हॉलच्या लादीचा ओला वास येत होता, वरून हार्मोनियमच्या भात्याचा आवाज. खिडकीतून ती गाडी सरळ दिसते. उल्हासनं पेपर उघडला होता पण तो वाचत नव्हता. काच खाली करून, मान तिरकी करून तो माडीकडं कान लावून बसला होता, नेमकी तीच मान, पार्किंगमधली, ‘मग पुढं?’ म्हणतानाची. ज्याच्या लेखी तिकडं कोणीच नव्हतं, तो ऐकत होता. आणि वर आम्ही, ज्यांचं कोणीतरी ऐकतं असं ज्यांना खात्रीनं माहीत होतं, त्या आमच्यातला, रेखा आणि नीना सोडल्या तर, एकही जण त्याला ऐकू येईल असं काही तीन महिन्यांत बोलला नव्हता. मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. मला वाटलं, वरच्या खुर्चीत बसून मी साक्ष देतोय, सगळे ऐकतायत, कोणी हसत नाही, आणि मला पुढचं काही सुचत नाहीये, कारण ‘मग?’ म्हणणारा खाली आहे. माझी उजवी मूठ आपोआप सैल झाली. काळा चिंचोका खिशात सुटला. मग मी डावा हात खिशात घातला आणि पांढऱ्याभोवती मूठ वळली. असं मी म्हणतो. कोणी म्हणेल तुम्ही ठरवून केलंत. मला विचाराल तर मी नुसता हात बदलला, खांदा अवघडला होता.

वरती सगळे जागेवर बसले होते. उल्हासचा पेला मधल्या टेबलावर ठेवलेला होता. उल्हास ही तीन अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली, नगरच्या भांडेवाल्यानं कोरली तशीच. बारावी खुर्ची मोकळी होती. तिच्याकडं नीना बघत नव्हती. श्रीनिवासरावांनी शास्त्रातला तो भाग वाचला आणि विचारलं, “चिंचोके आणले का, मुरलीधरराव?” मी पुढं गेलो. काळा टाकला, मग पांढरा सोडला, थंड स्टीलवर दोघांचा वेगळा आवाज आला. अवधूत माझ्या शेजारी उभा होता, घामाघूम. हळूच म्हणाला, “अंकल, तुमचंच येऊ दे. मला साक्ष वगैरे काय येणार? माझं प्रोजेक्टसुद्धा ऑक्टोबरला संपतंय.” “घाबरू नको,” मी म्हणालो, “मी पडण्यात पटाईत आहे.” मंजिरीबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. भूछत्रांकडं. सुरकुतलेला हात पेल्यात गेला, बोटं क्षणभर चाचपडली. मी डोळे मिटले नाहीत. आणि पांढरा वर आला.

“प्रभूनं अवधूतला निवडलं,” श्रीनिवासराव म्हणाले, आणि सगळे उठून त्याच्याकडं वळले, खांदे थोपटायला लागले. नीना तेवढी बसून राहिली होती, रिकाम्या पेल्याकडं बघत. प्रभूनं निवडलं की उबेनं, ते मला विचारू नका. मंजिरीबाईंची बोटं म्हातारपणानं बधिर झालीत असं त्यांची सून म्हणते. त्यांनी उरलेला काळा चिंचोका माझ्या तळहातावर ठेवला आणि पुटपुटल्या, “यंदा गरम होता हो तुमचा पांढरा.” मी त्यांच्याकडं बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या. रेखानं लांबूनच भुवया उडवल्या, म्हणजे टाय घेतला नाही ते बरं केलंत. तबला लागायला लागला होता. मी मागं सरकलो, कोणाला न कळवता, आणि जिना उतरलो. खालचं दार उघडं टाकलं. आपटलं तर आपटू दे.

लाँड्रेटच्या भिंतीपाशी फुटपाथच्या कर्बचा दगड चांगला खरबरीत आहे. वाघाचा गुडघा घेऊन खाली बसायला मला वेळ लागला, पण बसलो, आणि काळा चिंचोका घासायला लागलो. एक बाई वॉशिंगची पिशवी घेऊन बाहेर आली, तिनं विचारलं, आर यू ऑल राइट, डार्लिंग? मी म्हटलं, परफेक्ट. चिंचोका तापला. उल्हासचा हात खिडकीबाहेर लोंबत होता, मनगट वर. मी वाकून गाडीच्या मागून गेलो आणि टेकवला.

“आई गं!” पेपर उडाला, हॉर्न वाजला. “कोण आहे रे... मर्फ्या! मेल्या! गाढवा! या वयात?”

“लागलं?”

“लागलं म्हणजे? जळालं!” तो मनगट तोंडाशी नेऊन फुंकत होता. मग त्यानं माझ्या हातातला चिंचोका बघितला, तो माझाच, एका बाजूनं आता पांढरा झालेला, आणि फुंकायचा थांबला. मग शेजारच्या सीटवरची नीनाची छत्री मागं टाकली. मी आत बसलो.

“पडलास?”

“पडलो.”

“तिसऱ्यांदा. कोण, अवधूत?”

“अवधूत.”

“पोरगा बरा आहे,” उल्हास म्हणाला, “पण ठेका पळवतो.” वर भजन सुरू झालं होतं, ते रस्ता ओलांडून येईपर्यंत विरळ होत होतं, समुद्राखालून आल्यासारखं. खरोखरच पळत होता ठेका. उल्हासचं बोट स्टिअरिंगवर त्याला मागं ओढत होतं, थांब, थांब, असं. गाडीत जुन्या सिगारेटचा आणि नीनाच्या पाऊचमधल्या लवंगेचा वास होता. मी चिंचोका डॅशबोर्डवर ठेवला. आम्ही दोघं समोरच्या काचेतून उघड्या टाकलेल्या दाराकडं बघत होतो. आत जिना काळोखा दिसत होता. भजन संपलं, आणि मधल्या शांततेत उल्हासनं मान तिरकी केली. मला वाटलं, तो पुन्हा तिकडं कान लावतोय. पण तो माझ्याकडं वळला होता.

“मर्फ्या,” तो म्हणाला, “तो तुझा युस्त शेवटी गेला कुठं रे?”

“लांब नाही गेला,” मी म्हणालो. “जिना उतरला. खाली रस्त्यात यहूदा बसला होता.”

“यहूदा मेला होता.”

“ते वरच्या लोकांनी सांगितलं. खाली कोण बघायला आलं होतं?”

उल्हास हसला नाही. त्यानं आपल्या बाजूची काच वर केली, माडीकडचा आवाज बाहेर राहिला, आणि सीट जरा मागं सरकवून तो म्हणाला, “मग?”